लिनक्सची पहिली वर्षे: पुनर्वाचन प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी २०२४

आजपासून या प्रकल्पाच्या नोंदी ठेवण्यास सुरुवात करत आहे. लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) अगदी सुरुवातीच्या आवृत्त्या, म्हणजे १९९१ मधील ०.०१ पासून १९९४ मधील १.० पर्यंतचा सोर्स कोड, जमेल तेवढा इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवून पाहायचा, प्रत्येक आवृत्तीसोबतच्या टिपा आणि त्या काळचा पत्रव्यवहार वाचायचा आणि त्यावरून दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत एक सविस्तर टिपण तयार करायचे, असे कामाचे स्वरूप ठरले आहे. तिसऱ्या वर्षाचे दोन विद्यार्थी माझ्यासोबत आहेत. दर रविवारी आमची बैठक होईल आणि त्यानंतर मी येथे नोंद करीन.

हे काम हाती घेण्यामागे एक खंत आहे. आमचे विद्यार्थी पहिल्याच सत्रात गिट (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) शिकतात, पॅच (कोडमधील बदलाचा तुकडा) पाठवणे, तपासून घेणे, मेंटेनरने (तो कोड सांभाळणाऱ्याने) तो स्वीकारणे हे शब्द त्यांच्या तोंडी बसलेले असतात, परंतु ही साधने आणि हे रिवाज कुणाच्या तरी गळ्याशी आल्यामुळे घडले, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. लिनक्सच्या उत्साहाची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. त्या उत्साहाचे ओझे कुणी उचलले, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. म्हणून वाचताना एकच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवायचा, असे आम्ही ठरवले आहे: दुसऱ्याने पाठवलेले काम त्या वेळी कोण वाचत होते?

१४ जानेवारी २०२४

०.०१ वाचून झाली. एकूण १०,२३९ ओळी. तीन संध्याकाळी मिळून एका माणसाला सगळे वाचता आले, ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे हेच अशक्य होत जाणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या वृत्तगटात (संगणकावरील चर्चामंडळात) जाहीर केले की आपण इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या यंत्रांसाठी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, हा केवळ छंद आहे आणि ते ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासारखे मोठे किंवा व्यावसायिक होणार नाही. १७ सप्टेंबर रोजी ०.०१ फाइली उतरवून घेण्याच्या एका फिन्निश एफटीपी सर्व्हरवर पोहोचली. टोरवाल्ड्स यांच्या मनात ‘फ्रीक्स’ हे नाव होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ते आवडले नाही आणि त्यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ असे नाव दिले. जगभर प्रसिद्ध झालेले हे नावसुद्धा अशा रीतीने दुसऱ्याच माणसाचे आहे.

हार्ड डिस्कची माहिती या आवृत्तीत कोडमध्येच लिहून ठेवलेली आहे आणि तिथे दोनच पर्याय आहेत, एक लिनस यांच्या डिस्कचा आणि दुसरा ‘लासू’ यांच्या डिस्कचा. लासू म्हणजे त्यांचे वर्गमित्र लार्स विर्झेनियस. मजकूर छापण्याचे जे फंक्शन आहे, त्याच्या वर एक टीप आहे, जिचा आशय असा की विर्झेनियस यांनी हे कोणत्याही यंत्रावर चालेल असे लिहिले आणि टोरवाल्ड्स यांनी ते बिघडवले. ज्या प्रकल्पाची सुरुवात एकट्या माणसाने केली असे आपण शिकवतो, त्याच्या पहिल्याच आवृत्तीत दुसऱ्या माणसाचे काम आणि त्याचे श्रेय दोन्ही आहेत. विद्यार्थ्यांना मी ही टीप दोनदा वाचायला लावली.

कंपाइल मात्र होत नाही. आजचा जीसीसी हा कंपाइलर त्या काळच्या असेंब्लीच्या (यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेतील) ओळी स्वीकारत नाही. एखादा रजिस्टर (प्रोसेसरमधील साठवणीची जागा) इनपुट म्हणून वापरायचा आणि तोच बिघडेल असेही सांगायचे, ही तेव्हाची पद्धत आता चूक ठरते. फंक्शनांच्या नावांच्या आधी अधोरेषा लावण्याचा संकेत बदलला आहे, आणि एक्झिक्युटेबल फाइलचा ‘ए डॉट आउट’ हा साचाही इतिहासजमा झाला आहे.

२१ जानेवारी २०२४

०.०१ चा नाद तूर्त सोडून ०.११ घेतली. डिसेंबर १९९१ मधील ही आवृत्ती पुष्कळ लोकांनी पूर्वीच आधुनिक कंपाइलरसाठी दुरुस्त करून ठेवली आहे, त्यामुळे आम्हाला फारसे काही करावे लागले नाही. दुपारी साडेतीन वाजता शेलचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खूण, उमटला. दोन्ही विद्यार्थी काही वेळ नुसते पाहत राहिले.

२८ जानेवारी २०२४

या आठवड्यात ०.१२ आणि तिच्या आसपासचे सगळे वाचले. १९९२ च्या जानेवारीतील या आवृत्तीत इतके काही एकत्र आले आहे, की टिपणातील पहिले मोठे प्रकरण इथेच करावे लागेल.

आधी हे समजून घेतले पाहिजे की एवढे लोक एका विद्यार्थ्याच्या छंदाभोवती इतक्या लवकर का जमले. मिनिक्स ही ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांची शिकवण्यासाठी लिहिलेली प्रणाली होती, आणि ती विद्यार्थ्याला एका सत्रात समजावी इतकीच लहान राहावी, असा त्यांचा आग्रह होता. एक शिक्षक म्हणून मला तो आग्रह पूर्णपणे पटतो. परंतु घरी ३८६ यंत्र असलेल्या हौशी लोकांना त्यातून अधिक काही हवे होते. ब्रूस एव्हान्स यांनी मिनिक्स ३८६ वर नीट चालावी यासाठी उत्तम बदल केले होते, पण परवान्यामुळे बदललेली प्रणाली वाटता येत नव्हती; प्रत्येकाने मूळ मिनिक्स विकत घ्यायची, पॅच वेगळे मिळवायचे आणि स्वतःच्या हाताने लावायचे, असा तो खटाटोप होता. दुसरीकडे १९८३ मध्ये जाहीर झालेल्या ग्नू प्रकल्पाने कंपाइलर, शेल, एडिटर अशी जवळजवळ सगळी साधने तयार केली होती, फक्त चालणारा कर्नल नव्हता. बांध भरलेला होता आणि लिनक्सने त्याला वाट करून दिली, एवढेच.

०.१२ मधील स्वॅपची कथा मला विशेष महत्त्वाची वाटते. जर्मनीतील एका माणसाकडे केवळ २ मेगाबाइट मेमरी होती आणि तेवढ्यात त्याला कंपाइलर चालवता येत नव्हता. टोरवाल्ड्स यांनी १९९१ च्या नाताळच्या सुट्टीत मेमरीतील पाने डिस्कवर टाकण्याची सोय लिहिली. ही सोय मिनिक्समध्ये नव्हती. एका अनोळखी वापरकर्त्याची अडचण काही दिवसांत सुटावी, हा अनुभव त्या काळी कोणत्याही कंपनीच्या ग्राहकाला मिळत नव्हता, आणि मला वाटते की पुढच्या हजारो लोकांना ओढून आणणारी गोष्ट हीच होती. मात्र याच वेगाची लोकांना सवय लागली. आपण लिहिले की उत्तर येणारच, अशी अपेक्षा तयार झाली.

परवान्याचा बदलही याच आवृत्तीच्या टिपांत जाहीर झाला. मूळ परवान्यात पैसे घेऊन वाटप करण्यास मनाई होती, आणि फ्लॉपीचा खर्च तरी घ्यावा की नाही, असे वापरकर्त्यांच्या मंडळांमधील लोक विचारू लागले होते. १ फेब्रुवारी १९९२ पासून कर्नल जीपीएल या परवान्याखाली आला, ज्यात वाटलेल्या बदललेल्या प्रतीचा कोडही खुला ठेवावा लागतो. टॅनेनबाउम यांनी २९ जानेवारी १९९२ रोजी लिनक्सची रचना कालबाह्य असल्याचे लिहिले आणि त्यावर झालेला वाद फार प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनाही तोच आधी वाचायचा होता. माझ्या मते मात्र त्या महिन्यातील खरी मोठी घटना तो वाद नसून परवान्याच्या त्या काही ओळी आहेत, कारण त्यांच्यामुळे आपले काम पुढे कुणी बंद पेटीत ठेवणार नाही, अशी हमी अनोळखी माणसाला मिळाली.

एक लहानसा तपशीलही टिपून ठेवते. टोरवाल्ड्स यांनी आपले यंत्र हप्त्यांवर घेतले होते. लोक पैसे पाठवू का असे विचारत, तेव्हा त्यांनी त्याऐवजी आपापल्या गावाची पोस्टकार्डे मागवली. पुढे वापरकर्त्यांनीच वर्गणी काढून ते हप्ते फेडण्यास मदत केली.

११ फेब्रुवारी २०२४

आवृत्तीच्या क्रमांकांनी आज आम्हाला बराच वेळ गुंतवून ठेवले. ०.१२ नंतर मार्च १९९२ मध्ये एकदम ०.९५ आली, म्हणजे १.० हाकेच्या अंतरावर आहे असा सर्वांचा समज होता. डिसेंबर १९९२ मध्ये ०.९९ आली. आणि १.० साठी १४ मार्च १९९४ हा दिवस उजाडावा लागला. या पंधरा महिन्यांत ०.९९ चे पंधरा टप्पे झाले, आणि शेवटच्या काही टप्प्यांना तर पुन्हा इंग्रजी अक्षरे जोडावी लागली. हे घोडे अडले कुठे? उत्तर आहे नेटवर्किंगमध्ये, आणि हा भाग मला सविस्तर लिहायचा आहे.

टीसीपी-आयपीचा, म्हणजे इंटरनेटवर यंत्रे ज्या नियमांनी बोलतात त्यांचा, पहिला कोड रॉस बिरो यांनी लिहिला. तो अपुरा होता, परंतु नव्हता त्यापेक्षा कितीतरी चांगला होता, आणि लोकांनी तो लगेच रोजच्या वापरात घेतला. वापर वाढला तशा तक्रारी वाढल्या, आणि तक्रारींची भाषा इतकी खालावली की फुकट आणि फावल्या वेळात काम करणाऱ्या बिरो यांनी १९९३ च्या सुमारास हे काम सोडून दिले. त्यांच्या जागी फ्रेड व्हॅन केम्पेन आले. त्यांची दृष्टी मोठी होती. वेगवेगळे प्रोटोकॉल सामावून घेईल अशी थरांची रचना त्यांना नव्याने उभारायची होती. रचना विचारपूर्वक होती, पण ती पूर्ण होईपर्यंत लोकांच्या हाती चालणारे काही नव्हते. मधल्या काळात वेल्समधील स्वान्झी विद्यापीठाच्या परिसरातून ॲलन कॉक्स यांनी उपलब्ध कोडमधील चुका एकेक करून दुरुस्त करायला सुरुवात केली. आधी आहे ते चालते करा, मग सुधारा, ही त्यांची भूमिका होती. काही काळ दोन्ही वाटा समांतर चालल्या आणि अखेर टोरवाल्ड्स यांनी कॉक्स यांचे काम स्वीकारले.

विद्यार्थ्यांपैकी एकाने यावर विचारले, “मॅडम, मग व्हॅन केम्पेन यांची चूक झाली असे म्हणायचे का?” मी तसे म्हणणार नाही. नवी रचना करणाऱ्या माणसाला काही महिने शांतता लागते आणि लोकांना आज संध्याकाळी जोडणी चालू हवी असते; या दोन गरजा एकाच माणसाकडून एकाच वेळी भागवून घेण्याची अपेक्षा त्या समूहाने केली. ती चूक सगळ्यांची होती, आणि पुढे विकासाची आवृत्ती वेगळी व वापराची आवृत्ती वेगळी ठेवण्याचा रिवाज आला, त्यामागे असे अनुभव आहेत. १.० नंतर विषम क्रमांकांची मालिका प्रयोगांसाठी आणि सम क्रमांकांची मालिका वापरासाठी, असे ठरले. १.१ मध्ये काय मोडेल याची पूर्वकल्पना देऊन ठेवल्यामुळे निदान १.० वापरणाऱ्याला शांत झोप लागली.

बिरो यांच्याविषयी वाचताना मला माझे स्वतःचे एक प्रकरण आठवले. २००१ साली देवनागरी अक्षरजोडणीतील एक चूक दुरुस्त करणारा चाळीस ओळींचा पॅच मी एका मुक्त प्रकल्पाला पाठवला होता. ‘र’फार चुकीच्या जागी उमटत असे आणि त्यामुळे ‘सूर्य’ हा शब्द वाचता येत नसे. सात महिने उत्तर आले नाही. आठव्या महिन्यात मी एक अत्यंत कडवट पत्र लिहिले. त्याला मात्र दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: तो प्रकल्प एकटी व्यक्ती नोकरी सांभाळून चालवत होती, घरात आजारपण होते, आणि तिच्याकडे न वाचलेले दोनशेहून अधिक पॅच पडून होते. माझा पॅच योग्य होता. माझे पत्र अयोग्य होते. या प्रकल्पातील प्रश्न मला इतका जवळचा का वाटतो, याचे कारण त्या उत्तरात आहे.

१८ फेब्रुवारी २०२४

वितरणांचा भाग. कर्नल डाउनलोड करून चालणारी यंत्रणा स्वतः उभी करणे हे फार थोड्यांना जमणारे होते, म्हणून १९९२ पासून सगळे एकत्र बांधून देणारी वितरणे निघाली. त्यांतील एसएलएस लोकप्रिय झाले, परंतु त्यात चुका राहत आणि त्या दुरुस्त होत नसत. त्या असमाधानातून १९९३ साली एका महिन्याच्या अंतराने दोन प्रकल्प जन्मले. जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी एसएलएसमधील चुका काढता काढता स्लॅकवेअर प्रसिद्ध केले, आणि १६ ऑगस्ट रोजी पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थी इयान मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. एकाने सगळे आपल्या हातात ठेवले आणि दुसऱ्याने प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र मेंटेनर नेमून काम वाटून टाकले. दोन्ही आजही चालू आहेत, त्यामुळे यांपैकी एकच पद्धत खरी असे मी विद्यार्थ्यांना सांगू शकत नाही.

डेबियनने पुढे १९९७ च्या जुलैमध्ये आपला सामाजिक करार लिहून काढला. वापरकर्त्यांना आणि एकमेकांना आपण काय देणे लागतो, हे स्वयंसेवकांनी कलमवार लिहावे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. त्यातीलच मुक्त सॉफ्टवेअरची कलमे १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ या नव्या नावाच्या व्याख्येचा आधार झाली.

भारतात हे सगळे आमच्यापर्यंत संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींवरून पोहोचले. टेलिफोनच्या तारेवरून एवढे मोठे सॉफ्टवेअर उतरवणे परवडणारे नव्हते. एक सीडी वर्गातल्या पंधरा-वीस जणांत फिरे, आणि ती परत येईपर्यंत तिच्यावर इतके ओरखडे पडलेले असत की शेवटच्याला इन्स्टॉल अर्ध्यातच थांबलेले दिसे. मॉडेम न ओळखल्यास कुणाला विचारावे, तर त्यासाठी आधी मॉडेम चालू हवा. त्यामुळे लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टच्या ‘हाउ-टू’ मार्गदर्शिका आम्ही छापून, स्पायरल बांधणी करून ठेवल्या होत्या. कोड लिहिणाऱ्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. या मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी मेंटेनरांच्या डोक्यावरचे किती प्रश्न परस्पर कमी केले असतील, याचा विचार क्वचितच होतो.

३ मार्च २०२४

१.० चालू झाली. १,७६,२५० ओळी, म्हणजे अडीच वर्षांत सतरा पट वाढ. आता तीन संध्याकाळी वाचून होण्याचा प्रश्नच नाही. आम्ही तिघांनी विभाग वाटून घेतले. सोबतच्या ‘क्रेडिट्स’ फाइलमध्ये सुमारे ऐंशी माणसांची नावे आहेत. प्रत्येक भाग कुणाकडे पाठवायचा हे सांगणारी ‘मेंटेनर्स’ ही फाइल मात्र १९९६ मध्ये आली. श्रेय आधी नोंदवले गेले आणि जबाबदारी नंतर. हा क्रम टिपणात ठळकपणे यायला हवा.

१७ मार्च २०२४

ठरवलेली मर्यादा १.० पर्यंतची होती, पण आमचा प्रश्न १.० पाशी संपत नाही, म्हणून पुढचा काळही घेत आहोत. १९९८ चा सप्टेंबर महिना या संपूर्ण इतिहासातील सर्वांत अवघड महिन्यांपैकी एक असावा.

टोरवाल्ड्स तोवर कॅलिफोर्नियात नोकरीसाठी आले होते आणि घरात दोन लहान मुली होत्या. २.१ ही विकासमालिका लांबत चालली होती. पाठवलेले पॅच हरवत होते. म्हणजे नाकारले जात नव्हते, नुसतेच उत्तराविना नाहीसे होत होते, आणि पाठवणाऱ्याने तेच पुन्हा पुन्हा पाठवावे अशी अपेक्षा होती. डेव्हिड मिलर आणि इतर काही जण व्हीगर नावाच्या सर्व्हरवर स्वतंत्रपणे पॅच जमा करत होते, त्यामुळे खरा कर्नल कोणता, अशी शंका घ्यायला जागा निर्माण झाली. शब्दाने शब्द वाढला, टोरवाल्ड्स यांनी संतापून काही दिवस सगळ्यापासून दूर जाण्याचे जाहीर केले, आणि ‘लिनस एकटा आता पुरत नाही’ हे वाक्य पहिल्यांदा उघडपणे बोलले गेले.

विद्यार्थ्यांना हे भांडण वाटले. मला ते गणित वाटते. पॅच लिहिणाऱ्यांची संख्या जगभर वाढू शकते. ते वाचून निर्णय घेणाऱ्याचे दिवसाचे तास चोवीसच राहतात. शिवाय पॅच वाचणे हे लिहिण्यापेक्षा सोपे काम नाही. लिहिणाऱ्याला फक्त आपला हेतू माहीत असावा लागतो, वाचणाऱ्याला मात्र तो बदल ज्या ज्या ठिकाणी पोहोचणार त्या सर्व ठिकाणांची जाण असावी लागते.

या प्रसंगानंतर लॅरी मॅकव्हॉय यांनी सुचवले की एकाच्या टपालपेटीऐवजी अनेक मेंटेनरांची झाडे (प्रत्येकाकडील कोडच्या प्रती) एकमेकांत विलीन करता येतील असे साधन हवे, आणि ते साधन, बिटकीपर, बनवायला त्यांनी घेतले. पण ते तयार होऊन स्वीकारले जाईपर्यंत आणखी साडेतीन वर्षे गेली, आणि तो काळही सुखाचा नव्हता. २.४ मालिका स्थिर मानली जात असताना सप्टेंबर २००१ मध्ये २.४.१० मध्ये मेमरी व्यवस्थापनाचा मोठा भागच बदलण्यात आला. रिक व्हॅन रील यांच्या कोडच्या जागी आंद्रेआ आर्कांजेली यांचा कोड आला, आणि ॲलन कॉक्स यांनी आपल्या झाडात काही काळ जुनाच ठेवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमधील २.४.१५ मध्ये फाइल सिस्टिम अनमाउंट करताना बिघडण्याची शक्यता निघाली आणि तीन दिवसांत २.४.१६ काढावी लागली. तेव्हापासून २.४ ची देखभाल ब्राझीलच्या मार्सेलो टोसाटी यांच्याकडे गेली. त्यांचे वय तेव्हा १८ होते. माझ्यासमोर बसलेल्या दोघांपेक्षा ते दोन वर्षांनी लहान होते, हे ऐकल्यावर खोलीत काही क्षण शांतता पसरली.

जानेवारी २००२ च्या अखेरीस रॉब लँडली यांनी असा प्रस्ताव मांडला की हरवणारे पॅच गोळा करून, तपासून टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत पोहोचवणारा एक माणूस अधिकृतपणे नेमावा. टोरवाल्ड्स यांना तो मान्य नव्हता. आपण विश्वासातल्या थोड्या माणसांमार्फत काम घेतो, त्यांनीही पुढे तसेच करावे, असे त्यांचे म्हणणे होते. चर्चा फार लांबली, पण तिच्या पाठोपाठ, फेब्रुवारी २००२ मध्ये, त्यांनी बिटकीपर वापरायला सुरुवात केली. कामाचा वेग स्पष्टपणे वाढला. मात्र बिटकीपर मुक्त नव्हते, ते फुकट वापरणाऱ्याने स्पर्धक साधन लिहू नये अशी अट होती, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या सर्वांत मोठ्या प्रकल्पाने असे साधन वापरावे, याने अनेकजण मनापासून दुखावले गेले. एप्रिल २००५ मध्ये ती फुकट सोय काढून घेतली गेली. टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांतच गिट लिहिले, आणि जून २००५ मधील २.६.१२ ही आवृत्ती गिटवर सांभाळून प्रसिद्ध झाली.

आज विद्यार्थ्यांना गिटचा पहिला धडा देताना मी १९९८ पासून सुरुवात करीन.

२४ मार्च २०२४

उद्या धूळवड, त्यामुळे बैठक लवकर आटोपली. दोन नोंदी. पहिली, कॉक्स यांनी १९९८ मध्ये जुन्या ८०८६ यंत्रांसाठीच्या लिनक्सविषयी लिहिलेला अनुभव: खरे काम करणारे दोन-चार जण आणि सल्ले देणारे असंख्य, अशी स्थिती झाल्यामुळे करणाऱ्यांनी बाकीच्यांची पत्रे वाचणेच बंद केले, आणि त्याबरोबर शिकू इच्छिणारे होतकरू लोकही बाहेर राहिले. हे दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते. दुसरी नोंद पैशाची: रेड हॅटचे शेअर ११ ऑगस्ट १९९९ रोजी बाजारात आले, १४ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ५२ च्या आसपास पोहोचला. कंपनीने स्वयंसेवक विकासकांना मूळ किमतीत शेअर देऊ केले होते, परंतु गुंतवणुकीचा अनुभव नाही म्हणून दलाल संस्थेच्या प्रश्नावलीत त्यांतील काही जण अपात्र ठरले.

३१ मार्च २०२४

परवा, २९ मार्च रोजी, एक्सझेड या फाइल आकुंचित करण्याच्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. आजची संपूर्ण बैठक त्यावर झाली, आणि मला वाटते की ती विषयाला सोडून नव्हती.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे जाण्याच्या साधनाने) लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले आणि त्यांनी त्याचा पिच्छा पुरवला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यांत, चाचणीच्या फाइलींच्या आड, घातक कोड दडवलेला निघाला. तो टाकणारी ‘जिया तान’ या नावाची व्यक्ती दोन वर्षांहून अधिक काळ चांगले पॅच पाठवत होती, आणि याच कामगिरीच्या बळावर सहमेंटेनर झाली होती. हा प्रकल्प वर्षानुवर्षे एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मधील पत्रे वाचली, तर वेगवेगळ्या नावांनी लोक त्याला सांगताना दिसतात की पॅच पडून आहेत, तू पुरा पडत नाहीस, दुसऱ्या कुणाला तरी अधिकार दे. तो उत्तरात आपल्या मानसिक थकव्याविषयी लिहितो आणि हा विनामोबदला छंदप्रकल्प आहे, याची आठवण करून देतो.

बिरो यांना १९९३ मध्ये आलेल्या पत्रांशी याचे साम्य पाहून दोन्ही विद्यार्थी अस्वस्थ झाले. मीही झाले. फरक इतकाच की तेव्हाची घाई खरी होती आणि ही घाई बहुधा ठरवून निर्माण केलेली होती. पण ती खपून गेली, कारण अशी पत्रे येणे ही सर्वांच्या सवयीची गोष्ट झाली होती. मी माझे २००१ मधील पत्र त्यांना दाखवले. ते आजही माझ्याकडे आहे.

त्याच वेळी दुसरी बाजूही नोंदवणे भाग आहे. कोड उघडा होता म्हणून फ्रॉइंड यांना खोलवर जाता आले, आणि अर्ध्या सेकंदासाठी इतके कष्ट घेणारा माणूस या जगात अजूनही आहे, ही गोष्ट मला १९९१ च्या त्या नाताळाच्या सुट्टीइतकीच महत्त्वाची वाटते.

१४ एप्रिल २०२४

पाडव्याच्या सुट्टीत टिपणाचा मसुदा पूर्ण झाला, ०.९९ चे प्रकरण सर्वांत मोठे झाले आहे आणि ते कापायचे नाही, असे आम्ही ठरवले. ०.०१ साठी विद्यार्थ्यांनी केलेले बदल मूळ कोडपासून वेगळ्या पॅचच्या रूपात ठेवले आहेत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना काय बदलले आणि का बदलले हे दोन्ही दिसेल.

काल रात्री त्यांतील एका विद्यार्थ्याने माझ्या स्वतःच्या जुन्या साधनासाठी, मराठी शब्दांची अकारविल्हे लावणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमसाठी, पॅच पाठवला. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचा क्रम त्यात चुकत असे. प्रकल्पाचे पान उघडले तेव्हा लक्षात आले की तिथे आणखी एका अनोळखी व्यक्तीचा पॅच मागच्या ऑगस्टपासून पडून आहे, अत्यंत नम्रपणे लिहिलेला, आणि त्याच्याखाली दोन महिन्यांनी केलेली तितकीच नम्र विचारणा. मी त्याला उत्तर दिलेले नव्हते.

सकाळी आधी तो ऑगस्टचा पॅच वाचला. उशिराबद्दल क्षमा मागितली, तो चालवून पाहिला, अनुस्वाराच्या एका प्रसंगात तो चुकतो हे उदाहरणासह लिहून कळवले आणि बाकीचा भाग स्वीकारला. त्यानंतर विद्यार्थ्याचा घेतला. त्यात तीन दुरुस्त्या सुचवल्या आहेत. ‘ळ’चे स्थान त्याने गृहीत धरले आहे, ते चाचणीत यायला हवे. दोन्ही नावे क्रेडिट्स फाइलमध्ये लिहिली, आणि पुढच्या रविवारी बैठकीच्या आधी एक तास केवळ आलेले पॅच वाचण्यासाठी राखून ठेवला आहे.